विहिरीवरचा मोबाईल

न्हावऱ्याचा रविराज माणूस भेटला की आधी त्याच्या हाताकडं बघायचा, तोंडाकडं नंतर. हातात मोबाईल कुठला आहे, कव्हर मूळचं आहे की बदललेलं, चार्जिंगची पिन ढिली झालीय का, एवढं सगळं रामराम घालता घालता त्याचं बघून व्हायचं. गावातली निम्मी माणसं त्याला नावावरून नाही, हँडसेटवरून ठाऊक होती. कुणाच्या मयतीला गेला तरी घरी येऊन आईला सांगायचा की थोरल्या मुलाच्या मोबाईलचा स्पीकर फाटलाय. त्याची आई गिताबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

साल होतं दोन हजार सात. शिरूरच्या एसटी स्टँडाशेजारी एका झेरॉक्सवाल्यानं आपल्या दुकानाचा कोपरा भाड्यानं दिला होता आणि त्या कोपऱ्यात रविराज बसायचा. काचेचं काउंटर, टेबललॅम्प, चिमटा, गरम हवेचा ब्लोअर आणि थिनरची बाटली, एवढाच त्याचा पसारा. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं शिफ्ट सुटली की त्याच्यापुढं गर्दी करायची. कुणाला मेमरी कार्डात गाणी भरून हवी असत, कुणाचा मोबाईल उसाला पाणी देताना पाटात पडलेला असे, कुणाचं लग्न अजून ठरलेलं नसताना त्याला बायकोसाठी वेगळी रिंगटोन लावून हवी असे. पूर्वी हीच पोरं पारावर बसून एकमेकांशी भांडायची. आता एक इअरफोन दोघांत वाटून शेजारी शेजारी गप्प बसायची, आणि म्हातारी माणसं म्हणायची की पोरं सुधारली.

बोलायला तेव्हा पैसे पडत, वाजवायला पडत नसत. त्यामुळं सगळा तालुका मिस कॉलवर चालला होता. एक मिस कॉल म्हणजे पोचलो. दोन म्हणजे डबा पाठव. दुपारच्याला आलेला म्हणजे दूधवाला येऊन गेला. नवराबायकोची भांडणंसुद्धा मिस कॉलवर सुरू होऊन मिस कॉलवर मिटत. या कारभाराचा कायदा एकच होता. मिस कॉल उचलायचा नाही. उचलला की पलीकडच्याचा बॅलन्स जायचा, आणि असं करणाऱ्याकडं लोक दुसऱ्याच्या खिशात हात घालणाऱ्याकडं बघावं तसं बघत.

रविराजचा बाप हरिबा या सगळ्यापासून लांब होता. लहानपणी मेंढरांमागं पार कोकणात जाऊन आलेला माणूस. पुढं मेंढरं गेली, जमीन आली, कांदा आणि ऊस आला, दोन गाया आल्या, पण पायांची सवय काही सुटली नाही. विहीर घरापासून बरीच लांब. वीज तिच्या मर्जीनं यायची आणि न सांगता जायची. ती आली की मोटार चालू करायला हरिबा विहिरीवर जायचा, गेली की परत यायचा, पुन्हा आली की पुन्हा जायचा. यात आपले काही हाल होतात असं त्याला कधीच वाटलं नव्हतं. ते वाटलं रविराजला.

रविराजकडं एक जुना हँडसेट पडून होता. त्याचा डिस्प्ले काढून त्यानं एका गिऱ्हाईकाच्या मोबाईलला बसवला होता, त्यामुळं तो वाजायचा, पण दाखवायचा काहीच नाही. रविराजनं त्याच्या आतल्या तारा बाहेर काढल्या, रिले, म्हणजे विजेवर आपोआप पडणारा खटका, लावला आणि मोटारीच्या स्टार्टरला जोडला. मोबाईलची रिंग वाजली की मोटार चालू, पुन्हा वाजली की बंद. त्यात कार्ड घातलं आपलं जुनं. ते कार्ड जन्मभर इनकमिंगवालं होतं, रिचार्ज मारायची गरज नव्हती. स्वतःला त्यानं नवा नंबर घेतला आणि गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधला आपला जुना नंबर स्वतःच्या हातानं पुसून तिथं नवा घालून दिला. मग ते सगळं लाकडी खोक्यात बंद करून विहिरीवर टांगलं.

पहिल्या दिवशी त्यानं अंगणात उभं राहून मिस कॉल दिला. लांबून मोटारीची घरघर ऐकू आली. रविराजनं बापाकडं बघितलं. हरिबा म्हणाला, बरं हाय, आणि मोटार खरंच चालू झाली का ते बघायला विहिरीकडं चालू लागला. तेव्हापासून त्याच्या खेपा वाढल्या. पूर्वी तो मोटार चालू करायला जायचा, आता मिस कॉल पोचला का ते बघायला जायचा. पण गावात नाव झालं. लोक खोकं बघायला येऊ लागले, दोघा-तिघांनी आपल्याही विहिरीला असंच बसवून दे म्हणून सांगून ठेवलं. रविराजची मान तेव्हापासून किंचित वरच असायची.

अशातच त्याचा मामा बबनराव यवतचं स्थळ घेऊन आला. बबनराव आठवडी बाजार फिरून शेळ्यामेंढ्यांचे सौदे जमवणारा माणूस. त्याच हातानं तो लग्नंही जमवायचा. मुलगी हर्षदा, बारावी झालेली, यवतमध्येच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. तिच्या वडिलांना अख्खी आळी आण्णा म्हणायची.

बघण्याचा कार्यक्रम यवतला आण्णांच्या घरी झाला. पोहे झाले. मुलीला काही विचारायचं असलं तर विचारा, असं बबनराव म्हणाला, तर रविराजची दातखीळ बसलेली. शेवटी हर्षदानंच विचारलं, मोबाईल पाण्यात पडला तर पहिल्यांदा काय करायचं. मग मात्र रविराज सुटला. बॅटरी काढायची इथपासून त्यानं सुरुवात केली, थिनर, ब्लोअर, सोल्डरचा गंजलेला टाका असं करत करत तो कुठल्या कुठं गेला. पोरगी हातावर हनुवटी ठेवून ऐकत होती आणि मधेच हसत होती. तिचं ते हसणं बघून रविराजला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या हातातला मोबाईल कुठल्या कंपनीचा आहे ते कळलं नाही. तो पार गुंतला होता.

आणि नेमकं त्याच वेळी, तो असा गुंतलेला असताना, पलीकडं मोठ्यांचं बोलणं चाललं होतं. आण्णा म्हणाले, "आमी घरात इचार करतो. पसंत असलं तर एक मिस कॉल देतो, मंग तुमी फोन करा, सुपारीचं बोलू. मिस कॉल न्हाई आला तर समजून घ्या. उगा कुणाचं तोंड वाईट नको." हे सगळ्यांनाच शहाणपणाचं वाटलं. आण्णांनी नंबर मागितला. बबनरावाकडं मोबाईल नव्हता, पण भाच्याचा नंबर त्याला तोंडपाठ होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान. त्यानं डोळे मिटून तो घडाघडा म्हणून दाखवला. अर्थात जुना. सगळ्यांच्या मोबाईलमधला नंबर रविराजनं पुसला होता, मामाच्या डोक्यातला पुसायचा राहिला होता. नंबर दिला जात असताना रविराज हर्षदाला टाका कसा मारायचा ते सांगत होता.

झालं. घरी आल्यापासून रविराजनं मोबाईल खाली ठेवला नाही. जेवताना ताटाशेजारी, अंघोळीला दगडावर, झोपताना उशाला. दुकानात कुणाचाही मोबाईल वाजला की याचा हात खिशाकडं जायचा. एकदा गिऱ्हाईकाचा नीट चालणारा मोबाईल उघडून बसला, कारण काय बिघडलंय ते त्यानं ऐकलंच नव्हतं. ती बाई फक्त कव्हर घ्यायला आली होती. गिताबाई रोज संध्याकाळी काही न विचारता त्याच्या तोंडाकडं बघायची आणि चुलीकडं वळायची. तिला पोरगी आवडली होती.

मिस कॉल काही येत नव्हता. आणि इकडं विहिरीवर भलतंच सुरू झालं होतं.

कांदा पोसला होता. काढणीआधी कांद्याचं पाणी तोडावं लागतं, नाहीतर तो सडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हरिबानं पाणी तोडलं होतं. मोटारीचा पाईप शेजारी गायांसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यात टाकलेला होता आणि घासाला लागेल तेवढंच पाणी तो द्यायचा. तर एका सकाळी कुणी काही न करता मोटार आपली आपण सुरू झाली. हरिबा गावात गेलेला. परत येऊन बघतो तर घास तुडुंब भरून पाणी बांधावरून कांद्यात शिरलेलं. त्यानं मोटार बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग जवळजवळ रोज, बहुतेक दुपारच्याला, वीज असली की मोटार मनाला येईल तशी सुरू व्हायची.

रविराजनं खोकं उघडलं. रिले बदलला. तारा नव्या घातल्या. व्होल्टेज कमी-जास्त होतंय म्हणाला. मग म्हणाला, मुंग्या शिरल्या असतील, आणि खोक्याला पावडर लावली. कुणीतरी फोन करत असेल ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही, कारण तो नंबर जगात कुणाकडं नाही अशी त्याची खात्री होती. शिवाय हँडसेटला डिस्प्लेच नव्हता. दिवसभर लोकांच्या मोबाईलची दुखणी काढणारा हा डॉक्टर स्वतःच्या खोक्यापुढं हात टेकून बसला. ज्यांनी यंत्र सांगून ठेवलं होतं ते म्हणाले, राहू दे, सावकाश बघू. हरिबा मात्र सरळ म्हणाला, "तुज्या यंत्राला याड लागलंय. उंद्या विहिरीत टाकतो."

रविराजला एरवी राग आला असता. पण त्याचा जीव सगळा दुसरीकडंच टांगणीला लागला होता. मिस कॉल आला नाही म्हणजे नकार, असं ठरलंच होतं. बबनराव बाजारात गाठ पडला तेव्हा तोही म्हणाला, "सोड आता, दुसरं बघू." रविराज बरं म्हणाला आणि त्या दिवशी जेवलाच नाही. कुणावर रागवावं तेही त्याला कळत नव्हतं. नाही म्हणायलासुद्धा कुणी आलं नव्हतं.

बापानं खोकं खरंच विहिरीत टाकू नये म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तो विहिरीवर गेला. म्हटलं, निदान कार्ड तरी काढून घ्यावं. कार्ड काढलं, चालतंय का बघायला आपल्या चांगल्या मोबाईलमध्ये घातलं आणि कठड्यावर बसला. पलीकडं हरिबा धोतर वर खोचून, चिखलात घोट्यापर्यंत पाय रोवून, कांद्यातलं पाणी बाहेर काढायला चर मारत होता.

मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. आपल्या कांद्याचं वाटोळं करणारा सापडला म्हणून रविराजनं दुसरी रिंग वाजायच्या आत तो उचलला.

"उचलला कशाला?" पलीकडून चिडलेला बायकी आवाज आला. "मिस कॉल हुता."

सवयीनं रविराजच्या तोंडून चुकलं म्हणून गेलं. मग त्यानं कोण बोलतंय विचारलं.

"यवतवरनं. हर्षदा."

कठडा धरून रविराज उठला. क्लासच्या मधल्या सुट्टीत तिनं फोन लावला होता आणि आता उचललाच आहे तर सगळं बोलूनच घेऊ, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. आण्णांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी मिस कॉल दिला होता. म्हणजे होकार दिला होता. तुमचा फोन आला नाही म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. मग आण्णांना राग आला. मुलाकडची माणसं स्वतःला कोण समजतात, असं म्हणाले. आता केडगावच्या एका नोकरीवाल्या मुलाचं स्थळ या रविवारी बघायला येणार होतं. ती मात्र रोज मधल्या सुट्टीत वाजवून बघत होती, कधीतरी उलट फोन येईल म्हणून.

रविराजनं खरं काय ते सांगितलं. या नंबरचा मोबाईल विहिरीवर होता. मोटारीला जोडलेला होता.

मग ती म्हणाली, "म्हंजी मी रोज मोटारीला मिस कॉल देत हुते?"

"व्हय."

"आन् ती काय करायची?"

"चालू व्हायची."

पुढं जो आवाज आला तो हसण्याचा होता की हुंदक्याचा, ते कळायच्या आत तिचा बॅलन्स संपला. फोन कट झाला. रविराजनं आपलं नवं कार्ड परत घालून उलटा फोन लावला, तर तिनं उचलला नाही. क्लास सुरू झाला असेल.

हरिबा फावडं टेकून मागं कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. पोराचं अर्धं बोलणं ऐकून उरलेलं त्याला कळलं होतं. आपला कांदा दोन गावच्या सोयरिकीनं भिजवला म्हणून त्यानं डोकं धरायला हवं होतं. तो एवढंच म्हणाला, "गाडी काढ."

"आधी आण्णांना फोन करतो," रविराज म्हणाला.

"कुणाला? मोटारीला?" हरिबानं विचारलं आणि घराकडं चालू लागला.

घरी जाऊन त्यानं धुतलेलं पागोटं बांधलं. पाय धुवायचं मात्र त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. गिताबाईनं पोराच्या हातात मोटारसायकलची चावी दिली आणि देवापुढं जाऊन बसली. न्हावऱ्याहून भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याकडं आणि तिथून यवत, हा रस्ता काही परदेशात जात नव्हता. मागं बाप बसलेला, पुढं ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर. रविराज वाटेत सारखा मनात वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य रिलेपाशी जाऊन अडकत होतं. यवत आलं तेव्हा त्याला वाटलं, इतकं जवळ आहे हे.

आण्णा ओट्यावर बसले होते. या म्हणाले, बसा म्हणाले, पाणी आलं. चहाचं नाव कुणी काढलं नाही. रविराजनं सुरुवात केली तर आण्णांच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या. मोबाईल मोटारीला जोडला होता, ही थाप त्यांना आजवर ऐकलेल्या सगळ्या थापांत सरस वाटली असावी. तेव्हा हरिबानं दोन्ही पाय पुढं केले. घोट्यापर्यंत काळा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"पाव्हणं, कांद्याचं पाणी तोडलंय आन् पायाला चिखल बघा," हरिबा म्हणाला. "तुमचा होकार माज्या वाफ्यात शिरला. आमाला तो आज कळला."

शेतकरी माणसाला फोनमधलं कळो न कळो, काढणीला आलेल्या कांद्यातला चिखल लगेच कळतो. आण्णा खाली वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, किती वाफं गेलं. हरिबानं सांगितलं. आण्णा चुकचुकले, मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं, आणि आत वळून त्यांनी चहा टाकायला सांगितलं. रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून उद्या निरोप धाडू म्हणाले. रविराजला वाटलं, जमलं.

तेवढ्यात क्लास सुटून हर्षदा घरी आली. अंगणातली अनोळखी मोटारसायकल तिनं बघितली, ओट्यावरची माणसं बघितली, आणि पर्स हातात तशीच ठेवून दारात उभी राहिली. आण्णा तिला म्हणाले की सगळा घोटाळा उलगडला. ती म्हणाली, मला ठाऊक आहे. मग रविराजकडं वळून तिनं विचारलं.

"मिस कॉल आला न्हाई, तवा तुमाला काय वाटलं?"

"तुमी न्हाई म्हणला आसं वाटलं."

"मंग?"

"मंग काय. गप बसलो."

"मी रोज वाजवत हुते. मोटारीला का हुईना, पण वाजवत हुते. तुमी येऊन का न्हाई इचारलं?"

रेंज नव्हती, बॅटरी उतरली, नेटवर्क बिझी होतं, अशी दिवसभर दुसऱ्यांना पुरवायची उत्तरं रविराजकडं खूप होती. त्यातलं एकही इथं चालणार नव्हतं. जो माणूस बापाचे पाय वाचावेत म्हणून मोटारीला मोबाईल जोडतो, तो स्वतःच्या लग्नासाठी एवढा रस्ता तुडवायला निघाला नव्हता, हे त्याचं त्यालाच आता दिसलं आणि फार लाज वाटली.

"भ्या वाटलं," तो म्हणाला. "तोंडावर न्हाई म्हणला असता तर ते ऐकावं लागलं असतं."

हर्षदा त्याच्याकडं बघत राहिली. तिचा राग गेला होता की नाही, सांगता येत नव्हतं.

"मंग आता इचारा," ती म्हणाली. "तोंडानं."

त्या घरात आजवर मुलाकडच्यांनी हुंडा विचारला होता, गोत्र विचारलं होतं, स्वयंपाक येतो का विचारलं होतं. पण मुलानं मुलीला असं काही विचारल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. हरिबा पागोट्याचं टोक तपासू लागला. आण्णांना अचानक अंगणातल्या मोटारसायकलीच्या टायरमध्ये हवा कमी वाटू लागली. रविराज उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"मी पसंत हाय का तुमाला?" त्यानं विचारलं.

"आतमंदी आईला ऐकू गेलं न्हाई," हर्षदा म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी इतक्या मोठ्यानं की शेजारच्या ओट्यावर लसूण सोलणारी म्हातारी उठून उभी राहिली आणि रस्त्यानं चाललेला सायकलवाला थांबला.

"आगं व्हय म्हण की त्याला," आतून हर्षदाच्या आईचा आवाज आला. "चहा उतू चाललाय."

हर्षदानं पर्स खुंटीला अडकवली, पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं, आणि रविराजच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "व्हय."